इतिहास घेऊन बी.ए.

इतिहास घेऊन बी.ए. झालो असं सांगितलं की समोरचा माणूस बहुधा दोन प्रश्नांपैकी एक विचारतो. पहिला, 'मग स्पर्धा परीक्षा दिल्या असतील?' आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, 'दुसरीकडे कुठे नंबर लागला नाही का?' मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो, म्हणून माझ्या वाट्याला तिसराही प्रश्न येतो: 'तुम्ही इतिहास घेतलात? आणि तोही मराठ्यांचा?' या प्रश्नाचा मला राग येत नाही. ज्याचा इतिहास शाळेत संपला त्याला असंच वाटणार. शाळेतल्या इतिहासाला दोन बाजू असतात, आणि हजेरीपटावरचं नाव वाचलं की कोणता मुलगा कुठल्या बाजूला बसला आहे हे वर्गाला न सांगता कळतं. कॉलेजातल्या इतिहासाने ही बसण्याची व्यवस्था मोडायची असते. ती मोडते कधी आणि मोडत नाही कधी, याबद्दल मला आज बोलायचं आहे. त्यासाठी जरा मागे जायला हवं.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ मध्ये त्याच्या बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. तुकडी कसली, चार जण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांतल्या दोघांनी पुढे इतिहासावर अशी पुस्तकं लिहिली की अभ्यासकाला ती आजही टाळता येत नाहीत. भांडारकरांचं दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचं पुस्तक १८८४ चं, आणि मराठी सत्तेच्या उदयावरचं रानड्यांचं १९०० चं. मात्र ते शिकत होते तेव्हा इतिहास म्हणजे मुख्यतः ग्रीस, रोम आणि इंग्लंड. आपल्या पायाखालच्या जमिनीचा इतिहास परीक्षेला नव्हता.

रानड्यांच्या विद्यार्थिदशेतला एक प्रसंग त्यांचे चरित्रकार सांगत आले आहेत. त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूला झुकवलं. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना ते रुचलं नाही. जे सरकार तुला शिकवतं त्याचीच निंदा तू करतोस, असा त्यांचा रोख. रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. इतिहासाच्या पेपरात चुकीच्या उत्तराला गुण कमी मिळतात हे आपण सगळे जाणतो. नकोशा उत्तराला दंड होतो, हे त्या पहिल्या तुकडीलाच कळून चुकलं होतं.

पुढे पाचच वर्षांनी, १८६७ मध्ये, पुण्यात आणखी एका विद्यार्थ्याने असाच उद्योग केला, पण त्याची रीत निराळी होती. नीळकंठ जनार्दन कीर्तने हे डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी 'पूना यंग मेन्स असोसिएशन'पुढे जेम्स ग्रँट डफच्या ग्रंथावर टीका वाचली. डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा, तीन खंडांचा. साताऱ्याला कंपनीचा अधिकारी असताना त्याने दप्तरं पाहिली, माणसांना विचारलं, कागद जमवले आणि लिहिलं. 'मराठ्यांची बखर' या नावाने तो मराठीतही आला होता आणि शिकलेल्या माणसाच्या दृष्टीने मराठ्यांचा इतिहास म्हणजे तोच होता. कीर्तन्यांनी त्याला विचारलं ते असं: तू कशावर विसंबून हे लिहिलंस? मराठीतली कोणती साधनं घेतलीस आणि कोणती बाजूला ठेवलीस? ही टीका पुढे 'विविधज्ञानविस्तार' मासिकात छापून आली, आणि मराठीतल्या इतिहाससंशोधनाची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे आमच्याकडे हे शास्त्र कुण्या प्राध्यापकाने सुरू केलं नाही. एका कॉलेजच्या पोराने केलं. पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलामुलींना ही गोष्ट आधी सांगायला हवी असं मला फार वाटतं. ती बहुधा सांगितली जात नाही.

त्यानंतरचा सगळा मोठा खटाटोप विद्यापीठाच्या भिंतीबाहेर झाला. १८७८ मध्ये 'काव्येतिहास-संग्रह' मासिक निघालं आणि त्यातून बखरी छापून येऊ लागल्या. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले खरे, पण आपल्या शाळा-कॉलेजाबद्दल त्यांनी पुढे जे लिहिलं ते वाचून कुठल्याही प्राचार्याला ठसका लागावा. कॉलेजने मला काही शिकवलं नाही, जे शिकलो ते माझं मी वाचून, असा सगळा सूर. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. असे २२ खंड झाले. या माणसाने गावोगाव पायी हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून, वाळवीच्या तोंडून कागद काढले. त्यांचा दावा असा होता की डझनभर बखरी एका बाजूला आणि त्या काळातला एक अस्सल चिटोरा दुसऱ्या बाजूला ठेवला तर चिटोरा जड भरेल. १९१० साली त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. 'मराठी रियासत' लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या गायकवाडांच्या नोकरीत होते. फार्सी कागद वाचून छापणारे ग. ह. खरे मंडळात बसत. मोगल दरबाराची बातमीपत्रं मराठीत आणणारे सेतुमाधवराव पगडी आमच्या मराठवाड्याचे, निलंग्याचे, आणि पेशाने हैदराबाद संस्थानाचे सनदी अधिकारी. यांतला एकही जण विद्यापीठात पोट भरणारा इतिहासाचा प्राध्यापक नाही. पुढे डेक्कन कॉलेजात त्र्यंबक शंकर शेजवलकर आले, पुणे विद्यापीठात अ. रा. कुलकर्णी आले. कुलकर्ण्यांनी लढाया जरा बाजूला सारून शिवकाळातलं गाव, शेत, वतन आणि बाजार अभ्यासाला घेतले. तोवर वाट दुसऱ्यांनी पाडून ठेवली होती.

याचा तोटा कुणाला झाला? बी.ए.च्या वर्गाला. कागद मंडळात राहिले आणि वर्गात त्या कागदांवरून काढलेले निष्कर्ष आले, तेही तिसऱ्या-चौथ्या हाताने. पुण्याच्या पेशवे दप्तराचंच पाहा. हजारो रुमाल सरकारी इमारतीत बांधून ठेवलेले, आणि अभ्यासकांना इंग्रज सरकार आत येऊ देईना. राजवाड्यांनाही तिथे दार उघडलं नाही. १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ भाग छापले, तेव्हा कुठे त्यातलं काही लोकांच्या दृष्टीस पडलं. १९३५ साली पुण्यातच, दत्तो वामन पोतदारांच्या पुढाकाराने, देशभरच्या इतिहासकारांची परिषद भरली. तीच पुढे भारतीय इतिहास परिषद म्हणून वाढली. त्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते अलाहाबादचे सर शफाअत अहमद खान. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या काळच्या पुण्याबद्दल पुष्कळांच्या मनात एकच एक चित्र असतं.

आता माझ्या भागाचं. मी नळदुर्गचा. आमच्याकडे बोरी नदीवर किल्ल्यात धरण बांधलं आहे आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळचं काम. पावसाळ्यात धरणाच्या भिंतीवरून पाणी पडतं आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहतो. माझ्या आजोबांच्या वेळी हा मुलूख निजामाचा. त्यांच्या पिढीत कॉलेजला जायचं तर हैदराबाद, आणि तिथे १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सगळे विषय उर्दूतून. इतिहाससुद्धा. त्यासाठी निजाम सरकारने भाषांतराचं एक मोठं खातंच काढलं होतं. देशी भाषेतून पदवीपर्यंत शिकवण्याचा तो प्रयोग मोठा होता. पण ज्यांच्या घरी मराठी, तेलुगू, कानडी होती त्यांना ही देशी भाषासुद्धा परकीच होती. १९४८ नंतर ते संपलं. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि आमच्यासारख्यांना आपल्या जिल्ह्यात, मराठीतून बी.ए. होता येऊ लागलं. मी शिकलो तेव्हा त्याच विद्यापीठाच्या नामांतराचा लढा चालू होता. १९७८ ला ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं. मधली सोळा वर्षं. आम्ही वर्गात फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं लिहून घेत होतो आणि खिडकीबाहेर मोर्चा चालला होता.

लिहून घेत होतो, हे खरंच. कुणी सांगायचं, बाकीच्यांनी उतरवायचं. 'पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा' या प्रश्नाला आठ कारणं होती. सात लिहिली की गुण कापले जायचे, नववं लिहिलं तर ते कुठून आणलं म्हणून विचारायचे. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस बाजारात गाईड यायचं. त्यात कारणं ठळक टाइपात आणि स्पष्टीकरण बारीक टाइपात असे. आम्ही ठळक तेवढं पाठ करायचो. इतिहासात इतकं कमी संशय घेणारं लिखाण मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि मग दुसऱ्या वर्षाला एका सरांनी एक दिवस एका जुन्या पत्राची छायाप्रत आणली. पेशवाईतलं पत्र, मोडीत. ते एकेक अक्षर बोटाने दाखवत वाचायला लागले. मायना झाला, आणि मग कालनिर्देश आला: आधी 'छ' हे अक्षर, पुढे आकडा, पुढे महिना जमादिलावल, आणि मग 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'. वर्गात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "सर, हा तर मंत्र झाला." सर म्हणाले, "अरे, मंत्र नाही, साल आहे. कुणाला कळतं का बघा." मला कळत होतं. लहानपणी मौलवीसाहेबांनी अरबी गिनती म्हणून घेतली होती. इहदा म्हणजे एक, सित्तीन म्हणजे साठ, मिया म्हणजे शंभर, अल्फ म्हणजे हजार. मी उठून म्हणालो, "सर, अकराशे एकसष्ट." सर म्हणाले, "बरोबर. आता याच्यात सहाशे मिळव." सतराशे एकसष्ट. पानिपतचं वर्ष.

त्या आकड्यापाशी मी अजूनही थांबतो. कागद पेशव्यांच्या कारकुनाचा. लिपी मोडी, भाषा मराठी. तारीख चंद्राची, म्हणून 'छ'. महिना हिजरी. वर्षाचे आकडे अरबी. आणि हे वर्ष सुरू कधी होतं? मृग नक्षत्र लागतं तेव्हा, म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणतात. ही शुहूर कालगणना चौदाव्या शतकात, मुहम्मद तुघलकाच्या काळात दख्खनमध्ये सुरू झाली असं मानतात. हिजरी वर्ष चंद्राचं, त्यामुळे ते ऋतूंशी मेळ खात नाही. शेतसारा तर पिकावर वसूल व्हायचा. तेव्हा नाव अरबी ठेवून वर्ष पावसाला बांधलं गेलं. बहमनी गेली, निजामशाही-आदिलशाही गेली, स्वराज्य आलं, पेशवाई आली, पण दप्तरातलं साल तेच राहिलं. हे कुणी सलोख्यासाठी केलं नव्हतं. वसुलीला सोयीचं होतं, हाताला सवय होती, म्हणून चाललं. मला ते जास्त खरं वाटतं. गोडगोड एकात्मतेच्या भाषणांपेक्षा कारकुनाचा आळस हा चांगला पुरावा आहे.

एकदा डोळ्यांना हे दिसायला लागलं की मग ठिकठिकाणी दिसतं. फर्दनवीसाचा फडणीस झाला, चिठ्ठीनवीसाचा चिटणीस, फार्सीनवीसाचा पारसनीस. आदिलशाहीचे कितीतरी कागद वर फार्सी आणि खाली मराठी असे दुभाषी आहेत, कारण ज्या पाटला-कुलकर्ण्यांना ते वाचायचे त्यांना फार्सी येत नव्हती. पहिल्या इब्राहीम आदिलशहाने हिशेबातली फार्सी काढून देशी भाषा आणली, हे फिरिश्त्याने लिहून ठेवलं आहे. उलट शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो कारभारातल्या फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. हेही तितकंच खरं आहे, आणि सोयीचं तेवढं घेऊन ते लपवू नये. पण त्याच महाराजांच्या पदरी काझी हैदर हे फार्सी चिटणीस होते, आणि ते पुढे औरंगजेबाकडे गेले. मोगलांच्या बाजूने दख्खनच्या लढाया पाहून फार्सीत ज्याने लिहून ठेवलं तो भीमसेन सक्सेना हा बऱ्हाणपूरचा कायस्थ. कोण कुठल्या बाजूचा हे नावावरून ठरवायला गेलं की असा घोटाळा होतो.

माझ्या वर्गमित्रांना हे सगळं ऐकून काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. मला मात्र त्या दिवसापासून वर्गात नीट बसता यायला लागलं. त्याआधी अफजलखानाचा धडा असला की मी वहीत मान घालायचो. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही, पण दोन-चार माना वळायच्या. आता प्रश्न बदलला होता. हे कुणी लिहिलं? घटनेनंतर किती वर्षांनी? कुणाच्या पदरी असताना? याच घटनेबद्दल दुसऱ्या बाजूचा कागद काय म्हणतो? हे चार प्रश्न हातात असले की माना वळवायला वेळ उरत नाही. ज्यांनी इतिहास हा विषय घेतला नाही त्यांनी हे चार प्रश्न शिकू नयेत असं थोडंच आहे? पण शिकवण्याची जागा तीच होती.

या प्रश्नांनी आपल्या मोठ्या माणसांनाही सोडलं नाही. सर जदुनाथ सरकारांचं शिवचरित्र १९१९ चं. त्यांचा भर फार्सी आणि इंग्रजी साधनांवर. पुण्याचे संशोधक म्हणत, तुम्ही मराठी कागद पुरेसे पाहिले नाहीत. सरकार म्हणत, तुमच्या बखरी उशिराच्या आणि ऐकीव आहेत. दोघांचंही म्हणणं काही अंशी बरोबर होतं. हा वाद कडू होता, पण तो साधनांवर चालला, कोण कुठल्या जातीधर्माचा यावर चालला नाही. आणि पुण्याच्या कडवट मंडळींपासून अलिप्त राहिलेले सरदेसाई जदुनाथांचे जन्माचे स्नेही झाले. बी.ए.च्या वर्गात हा वाद एक आठवडाभर जरी मांडला तरी गाईड विकणाऱ्याचं दुकान मंद होईल.

आता मात्र दुकान वेगळं झालं आहे. आज इतिहास घेणारी पुष्कळ मुलं लोकसेवा आयोगाच्या परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून येतात. त्यात वावगं काही नाही. शेतकऱ्याच्या पोराला नोकरी हवीच. पण तिथे चार पर्याय असतात आणि त्यांतला एक बरोबर असतो. इतिहासात बऱ्याचदा चारही अर्धे बरोबर असतात. दुसरीकडे मोबाइलवर रोज इतिहास येतो, संगीतासकट, आणि त्याला तळटीप नसते. माझ्या ओळखीची मुलं मला असे संदेश पाठवून विचारतात, 'काका, हे खरं का?' मी उत्तर देत नाही. कागद कुठला आहे ते आधी शोधा म्हणतो. काही शोधतात. काही रागावतात.

मोडी शिकणारे अजून निघतात, आणि राज्य पुराभिलेख खातं त्याचे वर्गही घेतं. फार्सीकडे मात्र जाणारं कुणी भेटत नाही. मुसलमान मुलंही जात नाहीत, कारण त्यात पोट भरत नाही, आणि हिंदू मुलांना वाटतं ती आपली भाषा नाही. खऱ्यांना आणि पगड्यांना तसं वाटलं नव्हतं. आदिलशाही-मोगलाईतले जे कागद अजून कुणी वाचलेले नाहीत ते वाचायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न कुठल्या अभ्यासक्रम समितीपुढे ठेवावा ते मला कळत नाही.

तोवर एक सोपं काम सांगतो. तुमच्यापैकी काहींच्या घरी वतनाचा, इनामाचा, नाहीतर एखाद्या वाटणीचा जुना मोडी कागद असेल. वाचता येत नसेल तर मोडी जाणणाऱ्याकडून फक्त सालाची ओळ वाचून घ्या. एकं असे आहेत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर. मग दहंक: अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार. समजा, ओळ निघाली 'इसन्ने अर्बैन मया व अलफ'. दोन, चाळीस, शंभर, हजार: ११४२. कागद मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर ५९९ मिळवा, म्हणजे १७४१. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६०० मिळवा, म्हणजे १७४२. साल एकदा लागलं की खाली सह्या-शिक्के कुणाचे आहेत ते पाहायचं, आणि साक्षीदारांची नावं एकेक करून वाचायची. गावातल्या कुणाकुणाची आहेत ती.